तीन, फार तर चार

डिम्फना कॉस्टेलो गेली त्यात माझी काहीही चूक नव्हती, असं चौकशी समितीने लेखी दिलं आहे. तीन पानांचा अहवाल आहे. मी तो एकदा वाचला आणि कपाटात चादरींच्या खाली सरकवून टाकला. गावात लोक भेटतात, दंडाला हात लावून, माझं नाव घेऊन म्हणतात, "मजेला, तू तरी काय करणार होतीस गं?" त्यांचा हेतू चांगला असतो. मला मात्र त्यांना एक ठेवून द्यावीशी वाटते.

कारण काय करायला हवं होतं हे मला तेव्हाच कळत होतं, आणि मी ते केलं नाही.

मी इथल्या रुग्णालयाच्या कॅज्युअल्टीत एकवीस वर्षं नर्स आहे, त्यातली शेवटची नऊ वर्षं पाळीची प्रमुख. पाळीप्रमुख सुया टोचत नाही, ड्रेसिंग करत नाही. ती फळ्यासमोर उभी असते. कोण कुठे आहे, कुणाचं रक्त तपासायला गेलंय, कोण अजून तासभर थांबू शकतो आणि कोण पाच मिनिटंही नाही, हे तिच्या डोक्यात पक्कं असावं लागतं. अठरा कॉट आणि तीस पेशंट, हे आमचं रोजचंच. कुणाला उठवायचं आणि कुणाला निजवायचं हे मी ठरवते. ज्याला उठवते तो माझ्याकडे कसा बघतो याचीही आता सवय झाली आहे.

हे सगळं मला डिम्फनाने शिकवलं. माझ्याआधी त्या फळ्यासमोर ती उभी असायची. निवृत्त होऊन नऊ वर्षं झाली तरी सगळं गाव तिला सिस्टरच म्हणायचं, दुकानात, चर्चमध्ये, मॅचलासुद्धा. उंच, हाडापेराने मजबूत बाई. दारू पिऊन धिंगाणा घालणारा सहा फुटी गडी तिच्या एका "बस खाली" वर मुकाट बसलेला मी पाहिलाय.

तिचा एक नियम होता. दर तासाला फेरी मारायची आणि प्रत्येक पेशंटला विचारायचं, शून्य ते दहा, किती दुखतंय? तो सांगेल तो आकडा लिहायचा. आपलं मत लिहायचं नाही. ती अगदी नवीन होती तेव्हा रस्त्याकडेला गाड्यांमध्ये राहणाऱ्या लोकांतली एक बाई पोट धरून आली होती. "मी मरतेय" म्हणत होती. त्या वेळच्या मोठ्या नर्सबाईंनी "या लोकांना आरडाओरडा करायची खोडच असते" म्हणत कागदावर किरकोळ दुखणं असं लिहिलं. बाई गेली, पोटातल्या बाळासकट. डिम्फना ही हकीकत प्रत्येक नव्या मुलीला सांगायची आणि शेवटी म्हणायची, "पेशंट खोटं बोलतोय असं वाटलं तरी त्याचाच आकडा लिहा. तुमचा अंदाज चुकला तर मरणार तो आहे, तुम्ही नाही."

पेशंट आपलं दुखणं कमी करून सांगेल, हे तिच्या नियमात बसत नव्हतं. आणि आमचं गाव तर तशाच माणसांनी भरलेलं आहे. शनिवार-रविवार दुखणं अंगावर काढायचं, डॉक्टरला सुट्टीच्या दिवशी कशाला त्रास, म्हणून सोमवारी यायचं. छातीत कळा येत असताना गुरांना चारा घालून, दाढी करून, स्वच्छ बनियन चढवून आलेले लोक मी पाहिलेत. कसं आहे विचारलं की उत्तर ठरलेलं, "छान आहे गं, तुम्हालाच फार काम दिसतंय आज."

तो जानेवारीतला सोमवार होता. गुरुवारपासून दव गोठत होतं आणि अर्धा जिल्हा घसरून पडला होता. मनगटं, खुबे, एका पाद्रीबुवांचं माकडहाड. साडेदहाला मॅटी कॉस्टेलो डिम्फनाला घेऊन आत आला. मॅटी म्हणजे तिचा नवरा, शब्द मोजून वापरणारा माणूस. तिच्यापेक्षा वीतभर बुटका. त्याने तिचा कोपर धरला होता, आणि ते पाहूनच मला खरं तर कळायला हवं होतं. डिम्फना कुणाला कोपर धरू देणारी नव्हती.

रोवेनाने तिला तपासलं. रोवेना आमची फिलिपिनो नर्स, माझ्या हाताखाली तयार झालेली, म्हणजे एका अर्थी डिम्फनाचीच नात. पाठीत डावीकडे दुखतंय, पहाटेपासून, थोडंसं. आकडा?

"तीन," डिम्फना म्हणाली. "फार तर चार. तीन लिही."

वय चौऱ्याहत्तर म्हणून रोवेनाने तिला मॉनिटर असलेली सात नंबरची कॉट दिली. डॉक्टर हातिमने पोट दाबून पाहिलं. हातिम सुदानचा, सहा वर्षं इथे आहे, आता आमच्यापेक्षा जास्त चहा पितो. तो म्हणाला मूतखडा असेल, पण या वयात मूतखडा म्हणून सोडून देता येत नाही, स्कॅन करू. स्कॅनला तिच्यापुढे पाच जण होते. दुखणं तीन आणि बीपी ठीक, म्हणून ती सहावी.

अकराच्या फेरीला मी तिच्याकडे गेले. ती छताकडे बघत होती. मॅटी खुर्चीत, टोपी गुडघ्यावर.

"सिस्टर, तुम्ही इथे? घरी चैन पडत नाही वाटतं."

"बघायला आले, तू माझ्या फळ्याची काय वाट लावलीस ते. नऊ नंबरच्या म्हाताऱ्याला तासभर कुणी पाणी विचारलेलं नाही. आणि तुझी लेस सुटलीय. तोंडावर आपटलीस तर मलाच उठून तुला उचलावं लागेल."

मी हसले, लेस बांधायला वाकले. वाकल्यावर माझे डोळे तिच्या हाताच्या पातळीला आले. कॉटची कड तिने अशी आवळली होती की बोटांच्या पेरांत रक्त नव्हतं. वरच्या ओठावर घामाचे बारीक थेंब. बाहेर उणे चार, आत काही उकडत नव्हतं.

मी उभी राहिले. "आकडा किती, सिस्टर?"

"तीन."

"खरं सांगा."

"काय शिकवलंय मी तुला?"

मॅटीने तोंड उघडलं. डिम्फनाने मान वळवून त्याच्याकडे एकदा पाहिलं आणि त्याने ते मिटलं. मी तीन लिहिलं. पाठीमागे कुणीतरी मला हाक मारत होतं, दहा नंबरची बाई ओकत होती, आणि मी गेले.

आता तुम्ही म्हणाल, चौऱ्याहत्तर वर्षांच्या बाईला आयुष्यात पहिल्यांदाच मूतखडा होतो का? हा प्रश्न मी दरवर्षी नव्या मुलींना परीक्षेत घालते. उत्तर असं की आधी पोटातली मोठी रक्तवाहिनी फुगलेली नाही ना ते बघा. डिम्फना मला हाच प्रश्न घालायची. तेव्हा त्या पडद्याआड आम्ही दोघी होतो आणि दोघींनाही उत्तर पाठ होतं.

पावणेएकला रुग्णवाहिकेतून फोन आला. तळ्याकाठच्या रस्त्यावर बर्फावरून गाडी घसरून दगडी भिंतीवर आदळली होती. आई, नऊ वर्षांचा मुलगा, सहा वर्षांची मुलगी. तिघंही गंभीर. वीस मिनिटांत पोचतो.

ज्यांचा श्वास कधीही थांबेल अशांसाठी आमच्याकडे तीन कॉटची मोठी खोली आहे. त्यातल्या दोन भरलेल्या. त्या दोघांना बाहेर काढायचं तर त्यांना मॉनिटर हवाच, म्हणजे मॉनिटर असलेल्या दोन कॉट रिकाम्या करायच्या. अशा कॉट चार. पाचला छातीत दुखणारा माणूस, त्याचा ईसीजी वाईट. सहाला साखर वाढलेली कॉलेजातली मुलगी, आता बरीच सावरलेली. आठला न्यूमोनियाचे आजोबा, ऑक्सिजनवर. आणि सातला डिम्फना. मी फळ्यावर सहा आणि सात या आकड्यांभोवती गोल काढले.

हातिम माझ्या शेजारी येऊन उभा राहिला. "सात? मजेला, तिचा स्कॅन व्हायचाय अजून."

"आकडा तीन आहे. बीपी नीट आहे."

"मला ती बाई आवडत नाहीये." आमच्या भाषेत याचा अर्थ, तिची तब्येत मला खटकतेय. "तू तिला ओळखतेस. तुला काय वाटतं?"

हाच तो क्षण. त्याने मला आकडा विचारला नव्हता, तो समोर लिहिलेलाच होता. त्याने मला माझं मत विचारलं होतं. मी म्हणायला हवं होतं की ती खोटं बोलतेय, तिची बोटं बघ, तिला आत्ता, या तिघांच्या आधी स्कॅनला ने. पंधरा मिनिटं होती. ती स्कॅनला जाऊन आली असती.

मी म्हणाले, "पेशंट तीन म्हणतोय, मग तीन."

मी पडदा सरकवला तेव्हा डिम्फना उठून बसलेली होती. छातीवरच्या वायरी तिने स्वतःच काढून नीट गुंडाळून ठेवल्या होत्या. आमची घाई तिने कानांनीच ताडली होती.

"कितीजण?"

"तिघं. दोन पोरं आहेत."

"मग उभी काय राहिलीस? मला पॅसेजमध्ये टाक."

"सिस्टर, एकदा शेवटचं विचारते."

"अगं तीन, फार तर चार! पोरं येतायत आणि ही इथे आकडे मोजतेय." ती उतरायला गेली आणि तिचा चेहरा एकदम राखेच्या रंगाचा झाला. तिने माझं मनगट पकडलं. तिची नखं आत रुतली. "काही नाही," ती म्हणाली. "एकदम उठले ना."

तिच्या नखांचे चार वण माझ्या मनगटावर चार दिवस होते. मला तेव्हाही कळलं होतं. पण मला ती कॉट हवी होती, आणि समोरची बाई मला हवं ते उत्तर देत होती. इतकी साधी गोष्ट आहे. समितीने हे विचारलं नाही, म्हणून इथे सांगतेय.

पॅसेजमध्ये चादरींच्या कपाटाजवळ तिचं स्ट्रेचर लावलं. मॅटीला खुर्ची मिळाली नाही, तो भिंतीला टेकून उभा राहिला. आणि मग तिघं आले, आणि पुढचा दीड तास मी जे काही शिकले होते ते सगळं मला वापरावं लागलं. आईच्या बरगड्या मोडून फुफ्फुसात घुसल्या होत्या. मुलाच्या पोटात रक्तस्राव होत होता. मुलगी रडत नव्हती, आणि त्या वयाच्या मुलाचं न रडणं फार वाईट. रक्ताच्या पिशव्या मागवल्या, भूलतज्ज्ञाला वरून खाली बोलावलं, ऑपरेशन थिएटर मोकळं करून घेतलं, बाप इंग्लंडमध्ये कामावर होता त्याला फोन लावला. स्कॅनचं यंत्र एकच. तिघांना एकामागोमाग पाठवलं. डिम्फनाचा स्कॅन चार वाजेपर्यंत पुढे गेला. खडूने मीच लिहिलं, कॉस्टेलो, चार.

या सगळ्यात मी तिच्याजवळून तीनदा गेले. पहिल्यांदा तिने मला हटकून सांगितलं की खिडकीजवळच्या गृहस्थांचं सलाईन संपलंय. खरंच संपलं होतं. ती पॅसेजमध्ये पडल्या पडल्या माझीच नोकरी करत होती.

दोनच्या फेरीला रोवेना गेली. फेरी चुकवायची नाही, छत कोसळत असलं तरी. ती परत आली ती माझ्या अगदी जवळ. "मजेला, सिस्टरचा रंग मला बरा दिसत नाही. पाय पण गार लागतायत."

"पॅसेजमध्ये सगळ्यांचेच पाय गार आहेत. आकडा काय म्हणाली?"

"तीन. पण..."

"मग तीन लिही."

रोवेनाने लिहिलं. तिने दुसरं काही बोलून दाखवलं असतं तरी मी तिच्यावर खेकसले असते, हे तिला माहीत होतं. घाईत असले की माझी जीभ सुरी होते. नंतर ती माझ्या गळ्यात पडून रडली, म्हणाली, मी जास्त जोर धरायला हवा होता. मी तिला सांगितलं की वेडी आहेस का तू. तिचा काय दोष? तिने सांगितलं होतं. मी ऐकलं नाही.

अडीचला मुलाला थिएटरमध्ये नेलं. मी पॅसेजमधून येत होते तेव्हा डिम्फनाने डोळे उघडले.

"पोरांचं काय?"

"मुलाला ऑपरेशनला नेलं. पोरगी रडायला लागली, सिस्टर. आईसाठी भोकाड पसरलंय."

"देवा, बरं झालं." ती हसली. दात दिसले नाहीत, ओठच नुसते ताणले. "चांगलं सांभाळलंस, मजेला. मला नसतं जमलं इतकं."

एकवीस वर्षांत तिने माझी कधी स्तुती केली नव्हती. मी इतकी खूश झाले, इतकी मूर्खासारखी खूश झाले, की तिच्या पोटावरचा हात मी पाहिलाच नाही. अंगात शक्ती आली. आता आईसाठी वरच्या मजल्यावर कॉट मिळवायची म्हणून मी फोन उचलला.

वरच्या मजल्याशी बोलायचं म्हणजे डोकेफोड असते. मी बोलत होते, त्यांचं ऐकत नव्हते, आवाज चढला होता. तेव्हा मॅटी पॅसेजच्या टोकाशी उभा राहिलेला दिसला. त्याने हात वर केला होता, शाळेत मुलं करतात तसा. आमच्याकडचे पुरुष रुग्णालयात ओरडत नाहीत. "मजेला," तो म्हणाला, नेहमीच्या आवाजात.

मी त्याला बोट दाखवलं. एक मिनिट.

तो थांबला. मी सांगितलं म्हणून तो थांबला. घड्याळाप्रमाणे ते एक मिनिटही नव्हतं, मग रोवेना किंचाळली.

मोठ्या खोलीत आम्ही तिच्यावर पस्तीस मिनिटं घालवली. हातिमने पोटावर सोनोग्राफीचं यंत्र ठेवलं. सगळं पोट रक्ताने भरलं होतं. ती फुगलेली रक्तवाहिनी कित्येक तास झिरपत होती आणि शेवटी फुटली होती. त्याने थांबा म्हटलं तेव्हा तीन वाजून वीस मिनिटं झाली होती. मी अजून छाती दाबत होते. त्याला माझे हात धरून बाजूला करावे लागले.

त्या खोलीला खिडकी नाही. रोवेनाने जाऊन रुग्णवाहिकांच्या बाजूचं मोठं दार उघडलं, जीवाला बाहेर जायला वाट असावी म्हणून. हे ती आमच्याकडूनच शिकली. गोठलेली हवा आत आली, पडदे हलले, आणि पाच नंबरचा माणूस ओरडला की ते दार लावा की जरा. मग दार लावलं, कारण लावायलाच हवं होतं.

मी फळ्यावरून तिचं नाव पुसलं. चारच्या स्कॅनला दुसऱ्याचं नाव लिहिलं. पाळी संपेपर्यंत मी उभी होते आणि एकही चूक केली नाही.

ते तिघंही जगले, हे सांगायलाच हवं. मुलगा आता पुन्हा फुटबॉल खेळतो. मी त्यांच्यावर रागावण्याचाही प्रयत्न करून पाहिला. जमलं नाही.

बुधवारी डिम्फनाला अंत्यदर्शनासाठी घरी ठेवलं होतं. गोठ्याच्या दारापासून फाटकापर्यंत गाड्या, शेजारचे दोघं पिवळी जाकिटं घालून त्या लावून देत होते. मी अर्धा तास गाडीतच बसून राहिले. काच धुक्याने भरली तशी पुसायची आणि पुन्हा बसायचं. आत जाऊन काय बोलायचं ते ठरलेलं असतं. हात हातात घ्यायचा, वाईट झालं म्हणायचं, शवपेटीजवळ एक प्रार्थना, मग स्वयंपाकघरात हॅमचं सँडविच आणि चहा. शंभर वेळा केलंय. शेवटी गाडीचं दार उघडलं.

रांगेत लोक मला पुढे जाऊ देत होते. "तू होतीस ना तिच्याजवळ," एक बाई म्हणाली, "केवढा आधार वाटला असेल तिला." मी मान हलवली. लाज वाटून मला तिथेच जमिनीने गिळावं असं झालं.

डिम्फनाला निळा ड्रेस घातला होता, ओठांना थोडी लाली. ती कधी लावायची नाही. पेटीच्या उशाशी मॅटी बसला होता, टाय घट्ट, मान लाल. त्यांचा मुलगा पर्थहून निघाला होता, रात्रीपर्यंत पोचणार होता. तोवर मॅटी एकटाच सगळ्यांचे हात हातात घेत होता. माझा हात घेतला आणि सोडला नाही. शेजारच्या खुर्चीकडे मान केली. मी बसले.

"मजेला," तो हळू म्हणाला, "तिला फार दुखत होतं का गं?"

या प्रश्नाला आम्हा नर्सकडे एक उत्तर तयार असतं. नाही, तिला कळलंही नसेल. मी हे उत्तर किती बायकांना, किती बापांना दिलंय याची गणती नाही, आणि बहुतेक वेळा ते देताना मला वाईटही वाटलेलं नाही. लोकांना तेच हवं असतं. समोरच्या बाकावर बायका माळ ओढत होत्या. मला वाटलं, हेही खोटं बोलले तर मी पुन्हा कधी त्या फळ्यासमोर उभी राहू शकणार नाही.

"हो," मी म्हणाले. "फार दुखत होतं, मॅटी. तीन नव्हतं ते. आणि मला कळत होतं. मला तिची कॉट हवी होती म्हणून मी तिचं खोटं खरं धरलं."

मला वाटलं तो हात सोडेल. मला वाटलं तो मला घराबाहेर काढेल, आणि खरं सांगते, मला ते हवं होतं. त्याने फक्त खाली पाहिलं.

"मला ठाऊक आहे," तो म्हणाला. "मी होतो ना तिथेच."

मग तो बोलत राहिला. इतकं सलग बोलताना मी त्याला कधी ऐकलं नव्हतं. रात्री एकपासून ती जिन्याच्या पायरीवर बसून होती. त्याने रुग्णवाहिका बोलावतो म्हटलं, तर म्हणाली रस्त्यावर बर्फ आहे, कुणाच्या तरी पोराची गाडी माझ्यापायी नाल्यात जाईल, उजाडू दे. गाडीत बसल्यावर म्हणाली, मॅटी, आकडा मी सांगेन. तू तोंड उघडायचं नाहीस. सोमवार आहे, पोरींची दमछाक झालेली असेल, मला तिथे जाऊन त्यांचा गोंधळ वाढवायचा नाही.

"एक्कावन्न वर्षं झाली लग्नाला," तो म्हणाला. "ती सांगेल ते मी ऐकलं. आमचं तसंच चालायचं. बरं चालायचं."

"तुम्ही काय करणार होतात, मॅटी," मी म्हणाले, आणि आपण काय बोललो ते कळून माझीच मला शिसारी आली.

त्याने मान हलवली. आवाजात राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं. "तू विचारशील असं वाटत होतं मला. मी आपणहून बोललो असतो तर ते तिचा शब्द मोडल्यासारखं झालं असतं. पण तू विचारलं असतंस तर गोष्ट वेगळी. तू आलीस की मी म्हणायचो, आता ही वळून मला विचारेल. ती फिलिपिन्सची मुलगी आली तेव्हाही. तुम्ही चारदा आलात. चारदा तिलाच विचारलंत. मी वाट बघत होतो, पोरी."

मी गेले त्या प्रत्येक वेळी त्याच्या समोर उभी होते. त्याची टोपी मला आठवते, टोपीच्या अस्तरावरचा डागही आठवतो. त्याचा चेहरा मी पाहिलाच नव्हता.

"विचारलं असतं तर किती सांगितलं असतंत?" मी म्हणाले. का म्हणाले कोण जाणे. सवय, दुसरं काय.

"मला कुठलं आकड्यातलं कळायला?" मॅटी म्हणाला. "मी एवढंच म्हणालो असतो, की ती रात्रभर रडत होती. आमची पोरगी जन्मली आणि गेली तेव्हासुद्धा माझ्यासमोर रडली नव्हती ती. ती रडत होती, मजेला. तेवढं सांगितलं असतं तर पुरलं असतं ना?"

पुरलं असतं. ते एक वाक्य पुरलं असतं. सगळं गाव बघत असताना मी चेहरा ओंजळीत धरून हमसाहमशी रडायला लागले, आणि मॅटी कॉस्टेलो माझ्या पाठीवरून हात फिरवत राहिला, जसं काही माझंच माणूस गेलं होतं.